ब्रीदरपुढे धरलेला तळहात

गोंदियाच्या जुन्या बुलेट मिस्त्र्यांची एक पद्धत होती. गाडी दुकानापुढे लागली की ते लगेच पाना उचलत नसत. किक मारून इंजिन सुरू करायचं, ते नीट तापू द्यायचं, मग गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवं बसायचं आणि इंजिनाच्या खालच्या भागातून निघणाऱ्या ब्रीदरपुढे तळहात धरायचा. गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच असे. हवेचे हलके, एकसारखे फटके आणि तळहातावर तेलाचा पुसट ओलावा लागला, तर इंजिन ठीक. गरम वाफ, जळका वास आणि मनगटापर्यंत उडालेलं काळं तेल, म्हणजे काम निघालं. "रिंगा गेल्या जी, डॉक्टरसाहेब. आता बोर करावाच लागते," असं ते माझ्या बाबांना सांगत, तेव्हा अजून एक बोल्टही ढिला झालेला नसे.

बाबा ढोरांचे डॉक्टर होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. सालेकसा, आमगाव, देवरी या भागात बोलावणं आलं की जायचं म्हणजे बुलेटनं. रस्ते मुरमाचे, पावसाळ्यात चिखलाचे, आणि मागे औषधांची लोखंडी पेटी. त्या काळी बुलेट असे ती पोलिसांकडे, जंगल खात्याच्या साहेबांकडे, तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडे, एखाद्या जुन्या मालगुजार घराण्यात आणि अशा फिरत्या डॉक्टरांकडे. गाव गाडी ओळखायचं ते आवाजावरून. मिस्त्री ओळखायचे ते ब्रीदरवरून.

या ब्रीदरचं काम काय, हे समजून घेण्यासारखं आहे. कार्ब्युरेटरमधून आत जाणारी हवा सगळ्यांना ठाऊक असते. पिस्टनच्या खाली कोंडलेल्या हवेकडे कोणाचं लक्ष नसतं. जुन्या 350 बुलेटचा बोर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर. म्हणजे पिस्टन खाली आला की 346 सीसी हवा खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाबली जाते आणि वर गेला की तेवढीच मोकळी होते. मिनिटाला तीन हजार फेरे असले तर हे सेकंदाला 50 वेळा घडतं. दोन सिलिंडरच्या काही इंजिनांत एक पिस्टन खाली येताना दुसरा वर जातो आणि हिशोब आपापसांत भागतो. एकाच सिलिंडरच्या बुलेटला ती सोय नाही. तिला ही हवा बाहेर टाकावीच लागते.

त्यात भर पडते ती वरून गळणाऱ्या वायूची. पिस्टनभोवतीची रिंग कितीही चांगली बसली तरी स्फोटाच्या दाबाखाली थोडा जळका वायू तिच्या कडेनं आणि गॅपमधून खाली उतरतोच. मिस्त्री त्याला साधं "हवा खाली मारते" म्हणत. त्या वायूत न जळालेलं पेट्रोल असतं, काजळी असते आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं खाली झिरपतं. रिंगा झिजल्या की झिरपणं वाढतं, केसमध्ये दाब साठतो आणि तो दाब जिथून वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो: गास्केटमधून, ऑइल सीलच्या कडेनं, टॅपेट कव्हरखालून. बुलेट तेल गाळते म्हणून लोक जी तक्रार करत, तिच्यातला मोठा वाटा गास्केटचा नव्हताच. तो कोंडलेल्या हवेचा होता.

म्हणून त्या काळच्या बुलेटला केसच्या डाव्या बाजूला एक तोंड ठेवलेलं असे आणि त्यावर बदकाच्या चोचीसारखं चपटं काळं रबर. आतून दाब आला की चोच उघडायची, पिस्टन वर जाऊ लागला की मिटायची. हवा फक्त बाहेर जायची, आत येत नसे. त्यामुळे केसमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब टिकून राहायचा, आणि त्या किंचित ओढीमुळेच तेल घरात राहायचं. त्याहून जुन्या, इंग्लंडातल्या रेडिचच्या मूळ कारखान्यातून आलेल्या गाड्यांत रबराऐवजी पोलादाच्या पातळ चकत्या हेच काम करत. रेडिचच्या पुस्तिकांनी या एकेरी झडपेला फार मोठं स्थान दिलं होतं. ती नीट चालली नाही तर तेल वर चढतं, गाडी धूर मारते, प्लग ओला होतो, असं त्यांचं सांगणं. हे इंजिन हिंदुस्थानात आलं ते लष्कराच्या मागणीमुळे. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या साथीनं एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे अर्धशतकभर तेच लोखंडी सिलिंडरचं इंजिन, थोड्याफार फरकानं, मद्रासेतून निघत राहिलं. पुस्तिका आमच्याकडच्या मिस्त्र्यांपैकी क्वचितच कोणी वाचली असेल. पण रबर कडक झालं की बदलायचं, चोच फाटली की लगेच टाकायची, हे त्यांना हातानं माहीत होतं.

फाटलेल्या चोचीचा धोका आमच्याकडे इतर ठिकाणांहून जास्त. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. शहराभोवती राइस मिल, गावोगावी हलर. दिवाळीनंतर धान चुरण्याचे दिवस आले की रस्त्याच्या कडेनं भुशाचे ढीग लागत आणि हवेत बारीक कूस तरंगत राही. मिलच्या भट्टीत तोच भुसा जळायचा आणि त्याची राख उडायची. त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, म्हणजे वाळूच्या जातीचा पदार्थ. एअर फिल्टर साफ नसला की ती सिलिंडरमध्ये जाऊन बोर घासायची. आणि ब्रीदरचं रबर फाटलेलं असलं तर पिस्टन वर जाताना इंजिन हीच धूळ खालूनही ओढून घ्यायचं, कोणत्याही फिल्टरशिवाय, थेट तेलात. मिस्त्री हंगामात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फिल्टर आणि रबर दोन्ही दाखवायला लावत. आजही मला वाटतं, गोंदियातल्या जुन्या गाड्यांचं आयुष्य जितकं वाढलं त्यात या एका सवयीचा वाटा मोठा आहे.

इथल्या शेतकऱ्याला ब्रीदर दुसऱ्याच यंत्रामुळे ओळखीचा होता. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, काठावर, तलावाच्या पाळीवर डिझेल इंजिनाचे पंप चालत. वीज भरवशाची नव्हती, रोवणी खोळंबून चालत नसे. त्या इंजिनाच्या ब्रीदरमधून पांढुरका धूर भकभक येऊ लागला की शेतकरी आपणच म्हणायचा, यंदा रिंगा टाकाव्या लागतील. इंजिन कुठे श्वास सोडतं हे ठाऊक असलेली ती पिढी होती. शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. बांधीत उभं राहून, पाण्याच्या चिंतेनं इंजिनाकडे पाहत राहिल्यानं ते आलं होतं.

मोटारसायकलवाल्यांत मात्र बहुसंख्य ब्रीदरविनाच वाढले. रस्त्यावर जास्त दिसायच्या त्या राजदूत आणि येझदी, पुढे 1985 नंतर आरएक्स 100. सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा मिश्रण दाबण्याचा पंपच असतो. पेट्रोल, हवा आणि त्यात घातलेलं ऑइल तिथूनच वर जातं आणि जळून बाहेर पडतं. तिथे ब्रीदर ठेवला तर गाडी चालणारच नाही. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्र्याला केस घट्ट बंद ठेवणं हाच धर्म. अशा दुकानात बुलेट गेली की गोंधळ व्हायचा. ब्रीदरमधून तेल येतंय ना, मग त्याचं तोंड बंद करा, असा इलाज काही ठिकाणी खरोखर होत असे. तोंडात बोल्ट ठोकायचा. दोन दिवस गाडी स्वच्छ दिसायची. मग तेल क्लच केसमध्ये उतरायचं, मागच्या चाकावर उडायचं, टॅपेट कव्हरच्या कडेनं झरायचं, आणि मालक वैतागून पुन्हा बुलेटवाल्या मिस्त्र्यांकडे. त्यांचा राग मी पाहिला आहे. बोल्ट उपसून काढताना ते बोलत नसत. फक्त तो बोल्ट मालकाच्या हातात ठेवत.

बाबांच्या गाडीचं पहिलं पूर्ण इंजिनकाम मला स्पष्ट आठवतं. बॅरल उतरवलं तेव्हा आतला बोर वरच्या बाजूला ओठासारखा चढलेला. नख अडकत होतं. बॅरल गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं नागपूरला गेलं, लेथवर बोर होऊन परत आलं, सोबत वीस साइजचा, म्हणजे किंचित मोठा, पिस्टन. मिस्त्री रिंग आधी नुसत्या बॅरलमध्ये घालून पाहत. पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करत आणि दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजत. 70 मिलिमीटरच्या बोरला ही फट मिलिमीटरच्या तीन दशांशाच्या आसपास लागते. कमी ठेवली तर तापून टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोर चिरते. जास्त ठेवली तर तिथूनच वायू खाली उतरतो. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, हेही ते पुन्हा पुन्हा पाहत. बोरच्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा असल्याच पाहिजेत, कारण त्या रेघांतच तेल टिकतं आणि त्यांच्यावरच नवी रिंग घासून आपला आकार घेते. आरशासारखा गुळगुळीत बोर आला तर ते परत पाठवत. लोकांना गुळगुळीत बोर आवडायचा, म्हणून लेथवाले तसा करून देत.

नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि ब्रीदरमधून आधीपेक्षाही जास्त तेल येऊ लागलं. बाबांचा चेहरा उतरला. मिस्त्री शांत. "रिंग बसू द्या जी. पाचशे किलोमीटर होऊ द्या, मंग पहा." नव्या रिंगेची कड अजून बोरशी जुळलेली नसते, म्हणून सुरुवातीला वायू मोकळा उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ब्रीदरला लांब पाइप जोडला आणि बाबांच्या औषधाच्या पेटीतली एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली तारेनं फ्रेमला बांधून पाइप तिच्यात सोडला. बाटलीच्या बुडात काय जमतं ते दर फेरीनंतर पाहायचं, एवढंच सांगितलं. पुढे मोठ्या गावांत आणि मोठ्या दुकानांत याच कामासाठी सुबक डबे मिळू लागले. आमच्याकडे ते ढोरांच्या औषधाच्या बाटलीनं सुरू झालं.

त्या बाटलीनं आम्हा भावंडांना इंजिन वाचायला शिकवलं. काळपट पातळ तेल म्हणजे रिंग अजून बसायची आहे. थंडीच्या दिवसांत, गावातल्या गावात फिरून आल्यावर, बाटलीत दुधाळ पिवळा फेस दिसायचा. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो की तेलात पाणी शिरलं. ते पाणीच असतं, पण वाफेचं. इंजिन पुरतं तापत नाही, वाफ बाहेर पडण्याआधीच केसमध्ये थंड होते आणि तेलात घुसळली जाते. मग बाबा मुद्दाम गोरेगाववरून कोहमाऱ्यापर्यंत लांब फेरी मारून येत. परत आल्यावर फेस गेलेला असे. बाटलीत पेट्रोलचा वास आला तर चोक जास्त वेळ ओढलेला असतो किंवा कार्ब्युरेटर जाड चालतो, हेही कळायचं. मागच्या रस्त्यावर निळा धूर दिसला तर तो कधी दिसतो यावर निदान ठरे. जोर लावताना निळा धूर, तर रिंग. उतारावर थ्रॉटल बंद करून खाली आल्यावर पुन्हा उघडताना धुराचा लोट, तर व्हॉल्व्ह गाइड. मागे बसणाऱ्याचं हे काम. मी कितीतरी वेळा वळून वळून रस्ता पाहत गेलो आहे.

एका गोष्टीनं मात्र भलेभले फसत. बुलेटच्या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतीव भागातच मागच्या बाजूला असते, आणि दोन छोटे पंप काम करतात: एक तेल बेअरिंगांकडे नेतो, दुसरा खाली साचलेलं उचलून टाकीत परत टाकतो. परत नेणाऱ्या पंपाची ताकद मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे खाली काही साचू नये. पण गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहिली आणि पंपाच्या चकत्या झिजलेल्या असल्या, तर टाकीतलं तेल हळूहळू खाली केसमध्ये उतरतं. मालक डिपस्टिक काढून पाहतो, तेल कमी दिसतं, तो पाव-अर्धा लिटर वरून ओततो. मग किक. इंजिन सुरू होताच खाली साचलेलं सगळं ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं आणि मालकाला वाटतं इंजिन फुटलं. मिस्त्र्यांचा नियम साधा होता: तेल पाहायचं ते गाडी चालवून आल्यावर, उभ्या गाडीचं नाही. आणि भरायचं ते वरच्या खुणेपर्यंत कधी नाही, दोन खुणांच्या मध्ये. वर भरलेलं जास्तीचं तेल इंजिन स्वतःच फेकून देतं. यातलं एकही वाक्य जुनं झालेलं नाही.

मग काळ बदलला, आणि तो बदल गोंदियात हिरो होंडानं आणला. सीडी 100 आली 1985 मध्ये, पुढे स्प्लेंडर. चार स्ट्रोक, पण ब्रीदर कुठे दिसत नाही. कारण त्याचा पाइप इंजिनातून निघून सरळ एअर फिल्टरच्या डब्यात जात होता. इंजिनानं सोडलेला वायू पुन्हा त्याच इंजिनाच्या तोंडात, जळण्यासाठी. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या मिस्त्र्यांना तो पाइप कशाचा हे कळायला वेळ लागला. फिल्टरच्या डब्याखाली एक छोटी नळी आणि तिच्या टोकाला बूच असे; साचलेलं तेल-पाणी त्यातून काढून टाकायचं, पावसात किंवा सतत फुल थ्रॉटलवर चालवली तर लवकर काढायचं. ती नळी आजही बहुतेकांनी कधी उघडलेली नसते. दुकानात आलेल्या स्प्लेंडरचं बूच काढून दाखवा, मालक चकित होतो.

वायू परत जाळण्याची ही युक्ती मोटारसायकलवाल्यांची नव्हे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात धुरकटानं लोकांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा शोध घेता घेता कळलं की मोटारींचा बराच विषारी वाफारा सायलेन्सरमधून नाही तर क्रँककेसच्या मोकळ्या नळीतून बाहेर पडतो. 1961 मध्ये तिथल्या सरकारनं तो वायू परत इंजिनात नेण्याची सक्ती केली आणि 1963 पासून नव्या मोटारींना ती लागू झाली. धूर रोखण्यासाठी मोटारीवर बसवलेली ती तिथली पहिली व्यवस्था. आपल्याकडे भारत स्टेजचे नियम एकामागून एक आले. दुचाकींना बीएस-4 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 1 एप्रिल 2020 पासून. आता नव्या गाडीच्या मान्यतेच्या चाचणीत क्रँककेसमधून बाहेरच्या हवेत काहीही जाता कामा नये. बुलेटचं जुनं लोखंडी इंजिन 2010 च्या सुमारास थांबलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेली नवी घडण आली, आणि 2020 नंतर त्याहून नवी.

मला या बदलाबद्दल खेद नाही. जुन्या ब्रीदरमधून जे गळत होतं ते रस्त्यावर, मातीत, तलावाच्या पाण्यात जात होतं, आणि वाफ आमच्याच छातीत. गळलेलं तेल मागच्या साखळीवर पडून तिला वंगण मिळतं, असं त्याचं कौतुक करणारेही होते. पण दुकानापुढची जमीन काळी पडलेली, तिथे गवत उगवत नसे, पावसात इंद्रधनुषी तवंग नालीत वाहत जाई. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मुलखात हे चालायला नको होतं. बंद ब्रीदर ही चांगली गोष्ट आहे, आणि ती आधी यायला हवी होती.

गेलं ते वेगळंच. नव्या गाडीचं इंजिन झिजू लागलं तरी ते कोणाला सांगत नाही. वायू आत जातो, जळतो, तेल हळूहळू कमी होतं, आणि मालकाला कळतं ते एक दिवस इंजिन अडकल्यावर. तळहात धरायला जागाच उरली नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावतात. सेन्सरनं काही नोंदवलं असेल तर दिसतं. रिंगांबद्दल सांगणारा सेन्सर त्या गाडीत नसतो. मग जुन्या माणसांचं एकच साधन उरतं, डिपस्टिक किंवा खिडकीतून दर हजार किलोमीटरला पातळी पाहणं. तेवढंही तरुण मुलं करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. लाखांची गाडी, आणि तिच्या तेलाची पातळी माहीत नाही.

उलट बाजूनं एक नवा प्रकार दिसतो. जुनी बुलेट घेऊन पुन्हा उभी करणारी पोरं गोंदियात, तिरोड्यात, आमगावात वाढली आहेत. हौस खरी आहे, पैसे घालतात, मोबाइलवर पाहून शिकतात. पण ब्रीदरची पाळी आली की पाइप काढून टाकतात आणि चमकदार छोटा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावतात. दिसतो छान. त्यात एकेरी झडप नसते, म्हणून केस जेवढं सोडतं तेवढंच परत ओढतं. दोन महिन्यांत फिल्टर तेलानं चिंब होऊन त्यावर धूळ बसते आणि तो तुंबतो. मग पुन्हा तेल सीलमधून. काही जण नव्या बीएस-6 गाडीलाही तेच करतात. तिथे तर ते नियमाविरुद्ध आहे आणि निष्फळही. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात, त्यामुळे ब्रीदरमधून काय जातं ते कोणी मोजत नाही, आणि कागद स्वच्छ मिळतो. म्हणून हवा स्वच्छ होत नाही.

बाबांची गाडी आता माझ्याकडे आहे आणि तिचं इंजिन अलीकडे पुन्हा उघडलं. जुने मिस्त्री राहिले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच पन्नाशी ओलांडलेला मिस्त्री आहे. या वेळी बॅरल नागपूरला न्यावं लागलं नाही. सुटे भाग कुरिअरनं दारात आले. ऑइल सीलचा दर्जा तेव्हापेक्षा कितीतरी चांगला आहे, हे मान्य करायला हवं. पण एका दुकानातून आलेल्या रिंगांच्या संचात फट मोजली तर ठरलेल्याच्या दुपटीजवळ. खोक्यावर साइज बरोबर छापलेली. मिस्त्र्यानं त्या बॅरलमध्ये घालून, फीलर गेज फिरवून, काही न बोलता परत खोक्यात ठेवल्या. मोजल्या नसत्या तर त्या तशाच घालून इंजिन जोडून टाकलं असतं आणि मग आम्ही ब्रीदरला दोष देत बसलो असतो. माझं ठाम मत आहे: ब्रीदरचा आकार वाढवून रिंगांची चूक लपत नाही. आधी बोर, रिंग, गाइड. पंपाच्या चकत्या काचेवर बारीक पेस्टनं घासून सपाट करणं. ब्रीदर सगळ्यात शेवटी.

शेवटी जे बसवलं ते जुन्या आणि नव्याच्या मधलं आहे. केसच्या तोंडातून जाड नळी, आतून बोट जाईल एवढी, निघते आणि सुरुवातीपासून वरच चढत जाते. मध्ये कुठे झोळ नाही, कारण झोळात पाणी साचतं आणि वाट बंद होते. चढत्या नळीतून तेलाचे जड थेंब आपोआप परत केसमध्ये ओघळतात. मग एकेरी झडप. ती बसवण्याआधी तोंडानं फुंकून आणि ओढून पाहिली. मग बॅटरीच्या मागे एक छोटा ॲल्युमिनियमचा डबा, आत भांडी घासायची स्टीलची जाळी कोंबलेली. वाफेतलं तेल तिच्यावर अडकून खाली ठिबकतं, आणि उरलेला वायू डब्याच्या वरच्या तोंडातून एअर फिल्टरकडे जातो, जळायला. रस्त्यावर काही पडत नाही. कारखान्यानंही शेवटच्या लोखंडी बुलेटांना असाच डबा दिला होता, तो बरेच लोक कटकट म्हणून काढून टाकत. नीट रिंगा असतील तर त्याची कटकट होत नाही.

डब्यात जमलेलं पुन्हा इंजिनात ओतायचं नाही. त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. ते मी जळक्या तेलाच्या कॅनमध्ये साठवतो आणि ते विकत नेणाऱ्याला देतो. रनिंग-इन सुरू असताना डबा लवकर भरत होता, रंग काळपट. सालेकशाच्या रस्त्यावर, चाळीस-पन्नासच्या वर न जाता, दर थोड्या अंतरावर थ्रॉटल उघडून आणि सोडून, रिंगा बसवल्या. रिंग बसते ती दाब चढला-उतरला की. सतत एकाच मंद चालीनं चालवलं तर ती बसतच नाही. पाचशे किलोमीटरनंतर जुन्या मिस्त्र्यांचं बोलणं जसंच्या तसं खरं ठरलं. डब्यात जमायचं ते जवळजवळ थांबलं. पावसाळ्यात थोडा दुधाळ फेस, उन्हाळ्यात बुडाशी तेलाचा पातळ थर.

मिस्त्र्यानं झडप काढून, इंजिन तापलेलं असताना, नळीच्या तोंडापुढे तळहात धरला. मीही धरला. मग माझ्या मुलीला खाली बसवून धरायला लावला. ती इंजिनिअरिंगला आहे आणि तिनं पुस्तकात ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या कडेनं खाली उतरणारा वायू, वाचलेलं होतं, हाताला लागलेलं नव्हतं. हलके फटके, जळका वास नाही, हात जवळजवळ कोरडा. रिंगांचं काम चांगलं झालं आहे.

मात्र दरेकशाच्या उतारावरून खाली येऊन थ्रॉटल उघडला की मागे बसलेली मुलगी सांगते, निळा लोट दिसला. छोटासा, लगेच विरणारा. म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गाइड जरा मोकळा आहे की इनटेकचा, ते हेड उतरवल्यावर कळेल. थ्रॉटल बंद असताना ओढ इनटेकच्या बाजूला जास्त असते, म्हणून माझा अंदाज इनटेकचाच. धान कापून झालं, मंडईच्या जत्रांचे दिवस सरले की हेड उतरवायचं ठरलं आहे. तोवर प्लग दर महिन्याला काढून पाहायचा.